उभ्या उभ्या येणारी आत्याआजी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. शेती बेताची, बोलणं मात्र बागायती. त्यामुळे पंधरा ऑगस्टला शेळगावच्या शाळेत मलाच भाषणाला बोलावतात आणि मी दरवर्षी आत्याआजीची गोष्ट सांगतो. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. प्रभातफेरीसाठी कविता लिहायची. त्या कवितांपायी तुरुंगात गेली, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर गावोगाव सांगत फिरली, की पोरीला पोराएवढाच वाटा द्या.

पोरं हसावीत म्हणून मी तिची नक्कलही करतो. आत्याआजी आमच्या दारात यायची ती उभ्या उभ्या. बसायची नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला तर हात लावायची नाही. काखेत वही, माझ्या डोक्यावर शाईचा हात, की निघाली. "देशाची एवढी घाई, की भावाच्या घरी पाणी प्यायला वेळ नाही," असं म्हणून मी स्टेजभर तुरुतुरु चालतो. पोरं पोट धरून हसतात. त्यातलं निम्मं हसू माझ्या पोटाला असतं, हे मला ठाऊक आहे.

यंदा वडील गेले आणि सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि बहिणीचं नाव लागलं. बहिणीला लोणी भापकरला दिली आहे. तिनं हक्कसोड करून द्यायचा, म्हणजे आपला वाटा माझ्या नावे सोडायचा, हे ठरलेलंच होतं. ठरलेलं म्हणजे मी ठरवलेलं. तिला फक्त तारीख कळवली होती. त्या दिवशी इंदापूरच्या कचेरीत जायचं होतं. वकिलांनी जुने कागद मागितले होते, म्हणून सकाळी मी पत्र्याची पेटी उघडली.

तळाशी आजोबांच्या वेळचा हक्कसोड निघाला. लिहून देणार, आत्याआजी. नावापुढे सही नव्हती, अंगठा होता.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. जिनं तुरुंगातून भावाला पत्रंसुद्धा कवितेत लिहिली, तिचा अंगठा?

आई शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही, पण कागद तिनं ओळखला.

"सासूबाईंचा अंगठा हाय त्यो," ती म्हणाली. "तुझ्या आज्यानं डोईवरनं पदर वढून उभी केली त्यांना. बहीण म्हणून."

"आणि आत्याआजी?"

"तिला मागनं कळलं. तवापासनं ह्या घरचं पाणी सोडलं तिनं."

"मग यायची कशाला?"

"माहेर हाय म्हणून. तू तर लई हसवतोस की पोरांना त्याच्यावर."

"मला कधी बोलली नाहीस तू."

"तू कधी ऐकाय बसलास? सांगायचं काम तुझंच."

मी उंबऱ्यावर बसलो. आजोबांनी फसवलं ते एक. पण तिचा तो मुका राग मी वर्षानुवर्षं टाळ्यांसाठी वापरला होता.

तेवढ्यात बहीण आली. एसटी स्टँडवरनं उन्हात चालत, हातात आधार कार्डाची पिशवी. "दादा, गाडी काढ. लवकर उरकू, म्हशीची धार हाय संध्याकाळी."

कागद लपवावा असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. घडीसुद्धा घातली होती. पण आई शेंग मोडायची थांबून माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. गोष्ट सांगताना शब्द अडले, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे दादा, जुनं झालं, चल, सही करते. खरं बोलल्याबद्दल थोड्या शाबासकीचीही आशा होती. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

तिनं तांब्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"पाणी मागनं," ती म्हणाली. "आज सही न्हाय. आधी माझा वाटा कुठनं कुठवर हाय, त्यो दाखव."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. चपला घालून ती डाळिंबाच्या बांधाकडे निघालीसुद्धा. तिच्यामागे मी, हातात भरलेला तांब्या, पाणी सांडू नये म्हणून तुरुतुरु चालत.