एका नाकपुडीचे पाणी

हातकणंगल्याच्या आमच्या घरी तीन पिढ्या पैदाशीचा वळू घोडा राहिला. साहेबाच्या अमलात आणि संस्थानच्या काळात माझे अज्जा, म्हणजे वडिलांचे वडील, बाजाराच्या दिवशी घोडा घेऊन चिंचेखाली उभे राहत. शेतकरी शेंगा, मिरची, गूळ विकायला येत तेव्हा माजावर आलेली घोडीही सोबत आणत. सौदा उरकायचा, घोडी घोड्याला दाखवायची, आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचे. अशा बाजारांतूनच आमच्या दावणीचे नाव झाले. दारात आलेली घोडी परत पाठवायची नाही, ही आमच्या घराची रीत. ती मी अभिमानाने पाळली. माझ्या हातून जे घडले त्याचे मूळ त्या अभिमानातच आहे, असे आता वाटते.

आता घोडी आणतात ते वरातीला घोडी देणारे आणि शर्यतीचे हौशी. शिमगा झाला, लग्नसराई तोंडावर आली. एका सकाळी घोड्याला खरारा करताना त्याच्या डाव्या नाकपुडीतून पिवळसर, चिकट पाणी येताना दिसले. उजवी कोरडी होती. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला बोटांना दोन गाठी लागल्या. अज्जांचे बोल मला लहानपणापासून पाठ होते: एक नाकपुडी वाहते आणि पायाला गाठ येते, तेव्हा घोडा वेगळा बांधावा आणि माणसानेही जपावे. मी ते आठवले, आणि आठवले नाही असे स्वतःला भासवले. ऋतू बदलतो आहे, सर्दी असेल, असे मनाला सांगितले.

त्याच दिवशी दुपारी मंगळवार पेठेतला एक घोडीवाला टेम्पोतून आपली पांढरी घोडी घेऊन आला. त्याच्या संसारात कमावणारी ती घोडी एवढी एकच. टेम्पो फाटकाशी थांबला, तेव्हा मी ओल्या फडक्याने घोड्याचे नाक पुसून घेतले. आजही ते फडके मला स्पष्ट दिसते. निळे होते.

"काय मालक," तो लांबूनच मोठ्याने म्हणाला, "घोड्याला पार नवरदेव केलायसा की! आमची ही दुसऱ्यांची नवरी-नवरं वाहून दमली. म्हटलं, आज हिचंच लगीन लावूया."

मी हसलो. तो घोड्याभोवती फिरू लागला.

"राग मानू नगासा, पर गोम बघून घेतो. आमच्या बाचं सांगणं हाय, गोमेचा घोडा असला तर घर बसतं."

गोम म्हणजे उलट्या केसांचा अशुभ भोवरा. त्याने आयाळ वर करून पाहिली, गळा चाचपला, पोटाखाली वाकला, चारही पायांचे गुडघे निरखले. पाऊण तास गेला. अंगावरचा एकेक केस त्याने वाचला, पण नाकाकडे पाहिले नाही. आमच्याकडे घोड्यात खोट म्हणजे गोम. ती नसली की दुसरे काही विचारायचे नसते, आणि विचारले नाही ते सांगायचे नसते.

"कुठं काय न्हाय," तो समाधानाने म्हणाला. "हाय का कुठं, मालक? तुम्हीच सांगा."

"एकही गोम नाही," मी म्हणालो. ते खरे होते. आयुष्यात मी इतके खरे आणि इतके खोटे वाक्य दुसरे उच्चारलेले नाही.

घोड्याने घोडीच्या नाकाला नाक लावून हुंगले. काम झाल्यावर घोडी तहानली, तेव्हा घोडीवाला तिला घोड्याच्याच हौदावर घेऊन गेला. मी उभा होतो. त्याला थांबवायला एक पाऊल पुरे होते.

दोन आठवड्यांनी घोड्याने चारा सोडला. पशुवैद्यांनी रक्त तपासायला पाठवले. ग्लँडर्स निघाला, एका जनावरावरून दुसऱ्याला लागणारा जीवघेणा रोग. कायद्याने असा घोडा जिवंत ठेवता येत नाही. त्याला सुई देऊन मारले आणि रानात खोल खड्डा घेऊन, चुना टाकून पुरले. त्यांनी विचारले, आजार कधीपासून? त्यानंतर कोणती जनावरे आली? मी म्हणालो, आठ दिवसांपासून, आणि एकही नाही. पांढरी घोडी त्या आठ दिवसांच्या आधी आलेली होती. ती यादीतून निसटली. मी निसटू दिली.

चार दिवसांनी मी मंगळवार पेठेत गेलो. कशाला, ते मला तेव्हाही सांगता आले नसते. तो बोळातच घोडीपाशी बसला होता. डोळे लाल, आवाज बसलेला.

"या मालक. ऐकलं, घोडा गेला म्हणं. लई वाईट झालं बघा." मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "आम्ही आलतो तवा बरा हुता न्हवं?"

"बरा होता," मी म्हणालो.

"सुटलो!" तो हसला. "हिचंबी नाक वाहतंय जरा. मला ताप, हिला सर्दी. बायको म्हणती, दोघास्नी एकाच खाटंवर टाकते."

बोलता बोलता त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून घोडीचे नाक पुसले. एकच नाकपुडी वाहत होती. मग त्याच टॉवेलाने त्याने स्वतःचा घाम पुसला, तोंड पुसले.

माझ्या तोंडून शब्द निघाले ते धैर्याने नव्हे, भीतीने. "तो टॉवेल टाका. घोडा तेव्हाच आजारी होता. मला माहीत होते. हे माणसालाही होते."

तो ओरडेल असे वाटले होते. त्याने टॉवेल खाली टाकला आणि घोडीकडे पाहिले. खरे बाहेर आले की तिचे काय होणार, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टरास्नी सांगितलंसा?"

"नाही."

"मग लावा की फोन. हितंच. माझ्यासमोर लावा."

मी नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत असताना त्याने घोडीच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडला आणि घरात न नेता, बोळाच्या कडेला, कुणाचा हात लागणार नाही असा भिंतीवर टांगला. पशुवैद्यांचा आवाज आला. मी त्यांना खरा दिवस सांगितला.