मामांच्या भिंतीवरची दुपार

चित्रं बघणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण चित्रात राहायला गेलेला माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. देहाने ते मुलुंडच्या दोन खोल्यांत राहत आणि कचेरीत बिलं तपासत. जीव मात्र बाहेरच्या खोलीत टांगलेल्या एका फ्रेंच निसर्गचित्रात. रद्दीवाल्याकडे मिळालेल्या परदेशी कॅलेंडरचं ते पान. गव्हाचं शेत, मधून वाट, मागे डोंगर, सगळं जाड, वळवळत्या फटकाऱ्यांत. ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ हे त्या चित्रशैलीचं नाव मामा एका दमात उच्चारत आणि त्याचा अर्थ सांगून होईपर्यंत पाहुण्याचा चहा निवून जाई. शेजाऱ्यांनी रंगीत टीव्ही आणला तेव्हा म्हणाले, “आमच्याकडे रंगीत कधीचंच आहे.” गॅसवाल्याचीही सुटका नव्हती. तो खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा आणि मामा विचारताहेत, “हा पिवळा बघून काय वाटतं?”

“साहेब, आधी हा उतरवू का?”

“उतरव. पण पिवळा म्हणजे आनंद असं समजू नकोस. तापलाय तो. दुपारचे दोन वाजलेत, वाटेवर चिटपाखरू नाही. शेत घाबरलंय रे!”

गॅसवाल्याने खरंच कपाळ पुसलं. मनातल्या मनात हसणाऱ्या माझ्याही घशाला कोरड पडली. स्वयंपाकघरातून मामी मात्र दर वेळी म्हणत, “संध्याकाळ आहे हो ती. डोंगर निळे पडलेत.”

“तू पोहे बघ,” मामा म्हणत.

वर्षागणिक चित्रातलं ऊन वाढत गेलं. शेत करपलं, डोंगर मातकट झाले. आम्हाला वाटे, मामांची दृष्टी खोल होतेय. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय. मामा ऑपरेशनला तयार होईनात. “बिघडलं तर चित्र गेलं ना माझं!” म्हणत ते लहान मुलासारखे रडले. शेवटी मामींनी रिक्षाच बोलावली.

ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी मी तिथेच होतो. मामा चित्रासमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “अगं, किती निळं आहे हे! सावल्या जांभळ्या… संध्याकाळच आहे की. म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना खोटंच सांगितलं?”

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “खोटं कशाला? तुम्ही सांगायला लागलात की मला आत ओट्यापाशी ऊन लागायचं.”

मामांनी त्यांना खुर्ची दिली. “आता तू सांग. डोंगरापासून.”

मामी लाजल्या, मग हळूहळू सांगू लागल्या. मामा ऐकत राहिले. मी थक्क होऊन त्या दोघांकडेच बघत होतो.

चित्र आता आमच्या घरी आहे. त्यात किती वाजलेत ते मला काही केल्या ठरवता येत नाही, आणि विचारावं तर दोघंही नाहीत.