आत्याची वाळू

आत्या आमच्याकडे यायची तेव्हा तिच्या पिशवीत दोन साड्या, गुडघ्याला चोळायचं तेल आणि वाळूचा डबा असायचा. तेल ती कधीमधी विसरायची, वाळू कधीच नाही. उमरग्याहून आमच्या ईटला यायचं म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, गाड्या बदलत. एवढा सगळा रस्ता ती तो पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची. अणदूर आलं की खंडोबाला हात जोडण्यापुरते डब्यावरचे हात सुटायचे आणि लगेच पुन्हा जागेवर यायचे.

एकदा एका कंडक्टरनं तिला हटकलं. "मावशी, तूप आसंल तर खाली ठिवा, सांडंल."

"तूप न्हाय. वाळू हाय."

"वाळू? ईटला वाळू मिळंना व्हय?"

"मिळती की. पर ती नवी आसती."

यावर कंडक्टर पुढच्या सीटकडे गेला. आत्यानं हा किस्सा आम्हाला हसण्यासाठी सांगितला नव्हता. तिची ती तक्रार होती. आजकालच्या कंडक्टरांना काही म्हणजे काही माहीत नसतं, असं तिचं म्हणणं होतं.

वाळू नानकटाईसाठी लागायची. रुंद पातेल्यात वाळूचा थर, वर तिवई, तिवईवर ताटली, ताटलीत नानकटाई, आणि झाकणावर वरवंटा. ही तिची भट्टी. वाळू नदीची, चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घेतलेली. वर्षानुवर्षं तापून ती मोहरीसारखी काळी पडली होती. नवी वाळू ताव धरत नाही, ती रुसल्यासारखी मधेच गार पडते, असं आत्या सांगायची. ते खरं की खोटं हे मी कधी तपासलं नाही. आत्याचं म्हणणं तपासायचं म्हणजे तिच्याशी वाद घालायचा, आणि ते धाडस आमच्या घरात फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना होतं. अण्णा तिचे थोरले भाऊ.

या भट्टीचा जन्म रागातून झाला. मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, उमरग्याच्या हायवेवर टायरचं दुकान होतं. मामा आजारी असले की आत्या स्वतः ट्रकची चाकं काढायची, त्यामुळे तिच्या हाताला भलतीच ताकद होती. त्या काळी दिवाळीत गल्लीतल्या बायका घरचा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायच्या, तिथे बसून नानकटाई वळायच्या आणि भट्टीतून भाजून आणायच्या. एका दिवाळीत भट्टीवाल्याकडून भाजायचे पत्रे आपसात बदलले. आत्या घरच्या म्हशीचं तूप घेऊन गेली होती, आणि तिच्या डब्यात आली कुणाची तरी डालड्याची नानकटाई. एक तुकडा तोंडात घातला आणि तिला कळलं. भट्टीवाल्यानं माफी मागितली, पण तोवर तिचं तूप भलत्याच कुणाच्या घरी खाल्लं जात होतं. "ज्यानं खाल्लं त्याला गोड लागू द्या," असं ती म्हणायची खरी, पण असा शाप मी दुसरा ऐकलेला नाही. पुढच्या दिवाळीला तिनं घरी वाळू तापवली.

पुढे तिच्या मुलानं, विलासनं, तिला विजेवरची भट्टी आणून दिली. चांगली काचेच्या दाराची. आत्यानं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आत पापड ठेवले. नंतर औषधं. "दार चांगलं लागतंय, मुंग्या जात न्हाईत," एवढीच तिची त्या यंत्राबद्दल पावती. विलासची बायको सविता मात्र वाळूला वैतागलेली असायची. ओट्यावर वाळू, बेसिनमध्ये वाळू, चपातीत कचकच. सासू-सुनेचं सगळं भांडण फिरून फिरून वाळूवर यायचं. सून चांगली आहे, फक्त तिला वाळूची किंमत नाही, असं आत्या आमच्याकडे येऊन सांगायची. सविता काय सांगायची ते मला माहीत नाही, पण साधारण असंच असावं.

आत्याची नानकटाई उत्तम व्हायची असं मी म्हणणार नाही. मला ती जरा जास्तच गोड वाटायची. शिवाय तिच्या पातेल्याचं बूड वाकडं होतं, त्यामुळे दर घाण्यात एका बाजूच्या चार-दोन तरी बुडाला करपायच्याच. त्या अण्णांच्या. अण्णांना करपलेलीच आवडायची. "हिला जरा चव आसती, बाकीच्या निस्त्या साखर," असं ते म्हणायचे. आई करपलेल्या वेगळ्या काढून एका लहान स्टीलच्या डबीत भरायची आणि ती डबी अण्णांच्या उशाच्या फळीवर ठेवायची. आत्या म्हणायची, "ह्यो माझा भाऊ म्हणून खातोय. परका आसता तर मला नावं ठिवली आस्ती." दर दिवाळीला हे तिघांचं बोलणं शब्दाला शब्द असंच व्हायचं. तेव्हा आम्हा मुलांना त्याचा कंटाळा यायचा.

अण्णा पावसाळ्यात गेले. शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं.

आईनं रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं स्वयंपाकघर रेखावहिनीच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, हवाली केलं आणि दाराच्या चौकटीशी बसून राहिली. विचारलं तर व्हय, न्हाय, एवढंच. ताट समोर ठेवलं की घासभर चिवडायची आणि सरकवून द्यायची. मी बार्शीला नोकरीला. दर सुट्टीला यायचे तेव्हा ती आणखी वाळलेली दिसायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधं मागनं देतो, आधी हिला खाऊ घाला. त्यांचंही बरोबर होतं. पण ते कसं करायचं हे आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं, आणि मला खरोखर भीती वाटायला लागली होती की अण्णांच्या मागोमाग आईही जाणार.

अशात दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, तळण होत नाही. भावकी आणि शेजारीपाजारी फराळ आणून देतात. ही रीत चांगली आहे, पण तिच्यामुळे आमच्या घरात सात घरचा चिवडा, सात घरच्या करंज्या आणि काहीच न खाणारी माणसं अशी अवस्था झाली. फळीवर डब्यांची रांग लागली आणि आई त्या रांगेकडे पाठ करून बसली.

वसुबारसेच्या दिवशी आत्या आली. पिशवी, साड्या, तेल, वाळू.

आईनं डबा बघितला आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून सबंध वाक्य निघालं. "वन्सं, औंदा ह्या घरात काय बी करायचं न्हाय."

"कढई चढवायची न्हाय, म्हाईत हाय की मला," आत्या म्हणाली. "म्या कुठं कढई आणलीया? वाळूत काय तेल आसतंय का, वैनी?"

"वास जाईल गल्लीत."

"जाऊ द्या. दादाच्याच घरचा हाय वास."

रेखावहिनी घाबरली होती. तिनं आत्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, लोक काय म्हणतील. आत्यानं मुळीच हळू न बोलता उत्तर दिलं, "लोकांला सांग, नणंदेनं केलं. नणंदेला कोण बोलतंय?" हे मात्र खरं होतं. आमच्या आत्याला बोलायची टाप गल्लीत कुणाची नव्हती.

मग ती परात घेऊन मुद्दाम आईच्या समोर बसली आणि तळहातानं तूप फेसायला लागली. तूप पांढरंशुभ्र झालं की त्याची गोळी पाण्यात टाकून बघायची, तरंगली म्हणजे झालं. गोळी तरंगली. माझी लहान भाची गुड्डी टाळ्या वाजवत होती. आई बघत होती की नाही ते कळत नव्हतं, पण तोंड तरी तिकडे होतं. मैदा, बेसन, वेलदोडा पडला, नानकटाई वळून झाली, ताटली पातेल्यात गेली, वरवंटा झाकणावर बसला. रेखावहिनी गुड्डीला घेऊन गोठ्याकडे गेली.

तेव्हा आत्या उठली. "वैनी, जरा ध्यान ठिवा. माझं गुडघं आखडल्यात, वाऱ्याला बसते." आणि मला म्हणाली, "तू बी चल गं."

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आत्यानं सोयाबीनचा विषय काढला. मग गुडघ्यांचा. मग विलासच्या नव्या मोटारसायकलचा. थोड्या वेळानं आतून खमंग वास आला. मग तो जरा जास्तच खमंग झाला. मग सरळ करपायला लागला. मी उठायला गेले तर आत्यानं माझं मनगट धरलं. चेहरा तसाच, बोलणं तसंच चालू, पण पकड चाकं उचलणाऱ्या हाताची. "बस खाली," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा मोटारसायकल.

वास अंगणभर झाला. आणि आतून आईचा आवाज आला. चढलेला, चांगला खणखणीत.

"वन्सं! ध्यान कुठाय तुमचं? समदी करपून गेली की हितं!"

आत्यानं माझं मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले. मग ती पदर सावरून आत गेली आणि पडेल आवाजात म्हणाली, "आगं बाई. कळलंच न्हाय बगा."

आईनं ताटली बाहेर काढली होती. पदरानं ताटली धरून ती एकेक नानकटाई उलटी करून बघत होती, चांगली इकडे, करपलेली तिकडे. चांगली एकही निघेना. करपलेल्यांचा ढीग मात्र वाढत चालला. सवयीनं तिचा हात फळीवरच्या लहान स्टीलच्या डबीकडे गेला. तिनं डबी घेतली, झाकण उघडलं, आणि तशीच उभी राहिली. डबी कुणासाठी काढली ते तिला तेव्हा आठवलं असावं.

आत्या तिच्याजवळ गेली. "आज समदीच दादाची झाली की, वैनी," ती म्हणाली. "आता त्येच्या वाटचं आपुन दोघींनी खायाचं. दुसरं कोण खाणार?"

तिनं एक तोडली, अर्धी आईच्या हातात दिली, अर्धी स्वतःच्या तोंडात घातली. आईनं खाल्ली. मग ती खाली बसली आणि रडली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. आत्याही रडली, आणि रडता रडता म्हणाली, "लई कडू झालीया. ह्यो माणूस खात कसा व्हता?" आईनं डोळे पुसत तिलाच दटावलं, "तुम्हीच करपवताव, वन्सं, वर नावं ठिवताव." मीही एक घेऊन खाल्ली. भयंकर होती.

त्या दिवसापासून आई हसायला-बोलायला लागली, असं काही झालं नाही. पण संध्याकाळी तिनं आमटीत अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी रेखावहिनीच्या स्वयंपाकात चूक काढली. रेखावहिनीला इतका आनंद झाला की ती ते मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

आत्या त्यानंतर दर दिवाळीला आली. पातेलं, वाळू सगळं तेच; करपलेल्या तेवढ्या आईनं आणि तिनं मिळून खायच्या. मग एका वर्षी निघताना तिनं डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाली, "आता ह्ये ओझं न्हाय झेपत मला. हितंच ऱ्हाऊ द्या. वैनीला म्हाईत हाय समदं." आईनं तो उचलून फळीवर ठेवला. पिशवी एकदम हलकी झाली म्हणून आत्या वेशीपर्यंत जरा वाकडी चालत होती. ती तिची शेवटची खेप. उन्हाळ्यात उमरग्याहून निरोप आला.

दिवाळीच्या तोंडावर विलासचा फोन. बोलता बोलता म्हणाला, "सविताचं काय समजंना. जेवत न्हाय, बोलत न्हाय. सैपाकाचा वट्टा पुसत बसती दिसभर." मी आईला सांगितलं. ज्या बाईनं कित्येक वर्षांत बार्शीपुढचा रस्ता पाहिला नव्हता ती म्हणाली, "मला उमरग्याला न्या."

मी घेऊन गेले. सगळा रस्ता आईच्या मांडीवर डबा. अणदूरला तिनं खंडोबाला हात जोडले आणि पुन्हा डब्यावर ठेवले. कंडक्टरनं काहीच विचारलं नाही. तिला त्याचं जरा वाईट वाटलं असावं, कारण उतरताना ती त्याला आपणहून म्हणाली, "वाळू हाय. जुनी."

सविता डबा बघून बारीक आवाजात म्हणाली, "मामी, औंदा कढई न्हाय चढवायची."

"म्या कुठं कढई आणलीया?" आई म्हणाली.

तिनं सविताच्या समोर बसून तूप फेसलं. ताटली पातेल्यात ठेवली, झाकणावर वरवंटा ठेवला. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सविता, जरा ध्यान ठिव गं. माझं गुडघं आखडल्यात." आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. समोरून हायवेचे ट्रक जात होते. आईनं सोयाबीनचा विषय काढला. थोड्या वेळानं आतून खमंग वास आला, आणि मग तो करपायला लागला. मी सवयीनं उठायला गेले.

आईनं माझं मनगट धरलं.