खालचा समुद्र

"आमच्या खोलीत पाच झाल्या गं," स्वप्ना म्हणाली. "चौघींचीच खोली, तरी पाचवी कोंबलीय."

"आणि मागच्या खोलीत?"

"तिथं कराडच्या सगळ्या एकत्र. त्यांचं दिवाळीपासूनच ठरलंय." स्वप्नाने बोटांवर नावं मोजली, पुन्हा मोजली. "तू असं कर आम्रपाली, तू बसमध्ये तर चढ. तिथं गेल्यावर बघू. तुझं काय, तू कुठंही झोपशील."

साताऱ्यातल्या एका चित्रकला विद्यालयाची सहल गणपतीपुळ्याला निघाली होती. चौऱ्याण्णवचा डिसेंबर. आम्रपाली होवाळ दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिने समुद्र बघितला नव्हता. तिचं गाव कवठे महांकाळच्या पुढे, जिथे ढगसुद्धा वाट चुकल्यासारखे येतात. तिच्या घरात समुद्र कुणीच बघितला नव्हता.

कुणी तिची जात काढली नाही. काढायची वेळच आली नाही. मुली तिच्याशी बोलायच्या, रबर मागायच्या, तिची रेघ चांगली म्हणायच्या. फक्त दीड वर्षात तिच्या डब्यात कुणी हात घातला नव्हता, आणि स्वतःचा डबा तिच्यापुढे सरकवलाही नव्हता.

"माझं नाही जमणार बहुतेक," आम्रपाली म्हणाली. "घरी काम निघालंय."

"अय्या, हो का? बरं मग." स्वप्नाचा चेहरा एकदम सुटल्यासारखा झाला. कसलं काम, ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली राजवाड्याजवळच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. सहल रद्द झाली म्हणून सांगायचं, एवढं वाक्य तिने येताना तोंडपाठ केलं होतं.

"हालो! शाळा बोलतीया!"

तिचे वडील, अर्जुना होवाळ, गावच्या हायस्कुलात शिपाई होते. शाळेची घंटा त्यांच्या ताब्यात आणि फोनही. फोनवर ते नेहमी असेच बोलायचे, शाळाच बोलतीय असं.

"आण्णा, मी हाय."

"आमू! निगालीस का समुद्राला?"

"आण्णा, त्ये..."

"थांब थांब." मग रिसीव्हर बाजूला धरून मारलेली हाक: "सर, पोरगी निगाली बगा!" आणि परत फोनवर, दम लागलेला आवाज. "समद्या वर्गांस्नी सांगून ठेवलंय मी. हेडमास्तर म्हणलं, अर्जुना, तुमच्या घरात समुद्र बगणारी ती पयलीच. मैतरणी हायत्या न्हवं संगट?"

बूथच्या काचेबाहेर एक जोडपं आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघत होतं. आम्रपालीने त्यांच्याकडे पाठ केली.

"हायत्या की. लय जणी."

"मग मला घोर न्हाई. येकटी आसतीस तर झोप लागली नसती." आण्णा हसले. "त्यो समुद्र कागदावर काढ बग नीट. परदर्शनाला मी येणार. तुजी आई लाडू देणाराय डबा भरून, तुज्या मैतरणींस्नी."

तोंडपाठ केलेलं वाक्य घेऊन ती तशीच बाहेर आली.

आता समुद्र काढणं भाग होतं, आणि तोही असा, की आण्णांनी तो बघून गावाला जावं आणि त्यांना शांत झोप लागावी. पोरगी एवढ्या लांब एकटी पडलीय हे त्यांना कळता कामा नये.

सहलीहून आल्यावर सगळ्यांनी 'समुद्र' या विषयावर मोठं चित्र करायचं आणि त्यांचं प्रदर्शन लावायचं, असं याकूब सरांनी आधीच सांगितलं होतं. निघायच्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी थांबले.

"तू येत नाहीस म्हणे. मग काय काढणार?"

"समुद्रच काढते, सर."

"न बघता?"

"वरचा समुद्र सगळ्याजणी बघून येतील. खालचा त्यांनाही दिसणार नाही."

सरांनी भुवया वर केल्या. मग हसले. "हे बरंय तुझं. पण एक सांगतो, नुसतं निळं फासलं म्हणजे पाणी होत नाही. पाण्याला वजन असतं. ते दिसलं पाहिजे."

बस गेली. हॉस्टेलच्या व्हरांड्यातले सगळे दरवाजे कड्या घालून बसले. दोरीवर कुणाची तरी एक ओढणी राहिली होती, ती दिवसभर हलत होती. मागे राहिल्या दोघीच: आम्रपाली आणि हॉस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळणारी हाजराबी.

वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात तिला प्रवाळाचा फोटो सापडला. काळा-पांढरा. तोवर प्रवाळ म्हणजे तिच्या लेखी पोवळं, सोनाराच्या दुकानातलं, अंगठीत बसवायचं, मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं. फोटोत मात्र डोंगर होते, झाडं होती, पंखे होते. खाली लिहिलं होतं, हे झाडही नाही आणि दगडही नाही. बारीक बारीक जीव एकमेकांच्या अंगावर घरं बांधत जातात, त्यांची ही वस्ती. तिने पेन्सिलीने आकार उतरवून घेतले.

पहिला कागद तिने दोन दिवस रंगवला. मग भिंतीला टेकवून लांब उभी राहिली आणि तिला हसूच आलं. फांद्या होत्या, खाली सावल्या होत्या, वर निळं होतं. पुरात बुडालेलं बाभळीचं बन होतं ते. दुपारच्या उन्हातलं. पाणी त्यात कुठेच नव्हतं.

तिने कागद उलटा करून ठेवला आणि मागच्या अंगणात गेली. तिथे भांडी घासायच्या पाण्याचा सिमेंटचा हौद होता, कडांना शेवाळ धरलेला. तिने हातातली लाल बांगडी काढून तळाला टाकली, एक चमचा टाकला, दम घेतला आणि खांद्यापर्यंत आत वाकून डोळे उघडले.

पुढच्याच क्षणी तिची वेणी कुणीतरी मागे खेचली.

"अगं ए! ए मुडदे! या अल्ला, भाईर ये!"

"मावशी, वेणी! वेणी सोडा!" आम्रपाली ठसकत वर आली.

"जीव द्यायचाय तर माझ्या हौदात कशाला देतीस? उद्या भांडी कशात घासू मी?"

"जीव कशाला देऊ? बघत होते."

"काय बघत हुतीस? तळाला शिनिमा लागलाय?"

"पाण्याच्या आतनं कसं दिसतं ते."

हाजराबीने वेणी सोडली, पण एक हात तिच्या दंडावर तसाच ठेवला. "आन् काय दिसलं?"

आम्रपालीने नाकातलं पाणी शिंकरलं. विचार केला. "सगळं जवळ असतंय. पण कडा विरघळल्यासारख्या. लाल बांगडी लाल राहिली नाही, मळकी झाली. आणि आवाज कशाचाच येत नाही."

हाजराबीने पदर ओढला आणि तिचं डोकं खसाखसा पुसायला घेतलं. स्वतःच्या पोरीबाळींचं पुसत असेल तसंच, दुखेल इतकं.

"चल, च्या टाकते," ती म्हणाली. "दिवेलागणीला असलं बोलू नये."

चुलीपाशी चहा पिताना आम्रपालीला ते वाक्य आठवलं: बारीक जीव, एकमेकांच्या अंगावर बांधलेली घरं. असली घरं तिने बघितली होती की! बांधावरचं वारूळ. आण्णांच्या कमरेएवढं, वर तीन सुळके, एक मोडका. लहानपणी ती त्याच्या भोकांना कान लावायची. आणि ते पंखे म्हणजे दारातल्या कोंबड्याच्या फुलाचे तुरे, मखमली, दुमडलेले. समुद्राखाली काय असतं ते तिला माहीत नव्हतं, पण समुद्राखालच्यासारखं काय असतं ते माहीत होतं.

दुसरा कागद तिने भिजवून बोर्डावर ताणला, कडांना चिकटपट्टी लावली. सुकल्यावर मेणबत्तीचा तुकडा घेऊन वरून खाली तिरक्या रेघा घासल्या. मेण दिसत नाही; पण त्यावर रंग बसत नाही, तिथे पुढे ऊन पडल्यासारखं दिसणार होतं. मग रुंद ब्रशने निळा आणि हिरवा, वर पातळ, खाली उतरत जाईल तसा जड. हौदातल्यासारखा.

ती धावत स्वयंपाकघरात आली. "मावशी, खडेमीठ द्या. पटकन, रंग वाळतोय."

"मीठ? भाजी अळणी झालती व्हय?"

"समुद्राला पाहिजे."

"घे बाई. समुद्रबी आता माझ्याच डब्यातनं मीठ न्यायला लागला."

ओल्या रंगावर मीठ पडलं की प्रत्येक खडा भोवतालचा रंग पितो आणि पांढरट चांदणी उमटते. खालच्या कोपऱ्यात तिने मुठीने मीठ टाकलं. हाजराबी दारात उभी राहून बघत होती. "आगं बाई," ती पुटपुटली, "उकळतंय की काय ते!" मग स्वतःहून आत गेली आणि वाळलेल्या दोडक्याची जाळी घेऊन आली, भांडी घासायची. "ह्ये बग, ह्याचं काय होतंय का?"

झालं. दोडक्याची जाळी रंगात बुडवून दाबली की प्रवाळाची भोकं भोकं उमटत होती. वारूळ उभं राहिलं, तीन सुळक्यांचं. त्याच्या अंगाखांद्यावर कोंबड्याचे तुरे, जवळचे गर्द, लांबचे मळके होत होत निळ्यात हरवलेले. पाण्याला वजन आलं. ती काम करत होती तेव्हा व्हरांड्यातून कुणाचं पाऊल वाजलं नाही, कुणी हाक मारली नाही. तिला जेवायची आठवणही हाजराबीच करून द्यायची, दारातूनच ताटली वाजवून.

बस परत आली. प्रदर्शनाला भिंतभर सूर्यास्त लागले, होड्या लागल्या, नारळ लागले. मधोमध सरांनी आम्रपालीचं चित्र लावलं. स्वप्ना त्याच्यापुढे थांबली.

"भारीच गं! पण मासे कुठायत?"

"सहलीला गेलेत," आम्रपाली म्हणाली.

सगळ्या खळखळून हसल्या. स्वप्नाही हसली, मग मध्येच थांबली आणि दुसऱ्या चित्राकडे वळली.

आण्णा पहाटेच्या गाडीने निघून, सांगलीला गाडी बदलून, दुपारी पोचले. परीटघडीचा पांढरा शर्ट, काखेत लाडवांचा पत्र्याचा डबा. सूर्यास्त बघत बघत आले. प्रत्येकापुढे, "आसं आसं... म्हंजे हिथनं बुडतोय व्हय." शेवटी लेकीच्या चित्रापुढे उभे राहिले. हसत होते. मग बघत राहिले. त्यांचं बोट वर आलं आणि काचेविना लावलेल्या कागदापासून वीतभर अंतरावर, एका सुळक्यावरून दुसऱ्यावर फिरत, मोडक्या तिसऱ्यापाशी थांबलं.

"आमू, ह्ये तर आपल्या..."

बोट खाली उतरलं, कोंबड्याच्या तुऱ्यांवरून, दोडक्याच्या जाळीवरून. आम्रपाली जमिनीकडे बघत होती. खालच्या कोपऱ्यात मिठाचा एक खडा रंगात अडकून राहिला होता. आण्णांनी तो नखाने हलकेच काढला आणि जिभेवर ठेवला.

"खारट हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात स्वप्ना आली. "काका, तुम्ही आम्रपालीचे बाबा ना?"

आता आण्णा डबा पुढे करणार, पोरीला सांभाळून नेलंत म्हणणार, आणि स्वप्ना म्हणणार, कुठे? ती तर आलीच नव्हती.

आण्णांनी स्वप्नाकडे बघितलं. मग डब्याकडे. डबा त्यांनी काखेत आणखी घट्ट धरला.

"व्हय, मीच," ते म्हणाले. "चित्रं झ्याक काढल्यात पोरी तुमी समद्यांनी."

एवढंच.

एसटी स्टँडवर दोघं बाकावर बसली. सांगलीची गाडी लागायला वेळ होता. आण्णा डबा मांडीवर घेऊन समोरच्या फलाटाकडे बघत होते.

"परदर्शन उठलं की त्ये चित्र मला दे. शाळंत लावतो."

"लोक इचारतील, आण्णा."

"इचारू द्यात की. माज्या पोरीनं काढलंय म्हणीन. बगून काढलंय का, आसं कोण इचारतंय."

एक माणूस पेरू घेऊन आला, गेला.

"आमू."

"व्हय."

"किती दिस येकटी हुतीस?"

स्टँडवर कुणीतरी विट्याची गाडी पुकारत होतं.

"सगळे," ती म्हणाली.

आण्णांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. सांगलीची गाडी येऊन लागली, माणसं दाराशी झोंबली, कंडक्टरने घंटी मारली.

"आण्णा, गाडी."

"जाऊ दे ती. म्हागनं दुसरी हाय."

गाडी धूर सोडत वळून गेली. आण्णांनी डब्याचं झाकण उघडलं. शेंगदाण्याचे लाडू, गच्च, एकावर एक रचलेले. एक त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

"खा."

"तुमीबी घ्या."

त्यांनी घेतला. तिने दुसरा घेतला. पुढची गाडी येईपर्यंत दोघं खात राहिली, तरी डबा काही उणा दिसेना. आईने तो लय जणींसाठी भरला होता.