ओट्यावरचं ताट

"बसू गेला," एवढाच निरोप नांदेडला, माझ्या नव्या बदलीच्या गावी आला आणि मी मिळेल ती एसटी धरून लातूर गाठलं. बसू म्हणजे बसवराज, आमच्या जुन्या गल्लीतला भुसार दुकानदार, माझा शाळेपासूनचा दोस्त. दुकानातच छातीत कळ आली म्हणे. महिना उलटला, तरी कुणी त्याच्या नावामागं ‘कैलासवासी’ लावलं की मला संतापच येतो...

घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग. तिथं अंड्याचं नाव काढायची सोय नाही. अशा घरात या गड्यानं मांजर पाळलं आणि तिलाही दूध-भाकरीवर ठेवलं! वर मला ऐकवायचा, "आमची मनी पक्की शाकाहारी हाय." उंदीर धरायला ती त्याच्या मांडीवरून उतरेल तर ना! पुढं ती भिंतींना धडकायला लागली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, जनावरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. त्यांनी मनीचे डोळे पाहिले आणि बसूलाच फैलावर घेतलं. "दारातल्या कुत्र्याला भाकरीबरोबर डाळ, अंडं द्या, भागेल त्याचं. मांजराला मांसच लागतं. दुधानं नुसतं पोट भरतं. गेली ती नजर गेली, उरलीय ती तरी वाचवा." बसूनं मनीला छातीशी धरून घरची वाट धरली.

मी म्हटलं, "माझ्याकडं ठेव तिला, आमच्यात चालतं." तर उसळून म्हणाला, "पाळली मी, आंधळी करून बसलो मी, आन् घास तू घालणार व्हय?" मग मटणाचे तुकडे मी आणायचे आणि परसात तीन दगडांच्या चुलीवर, मीठ-कांदा न घालता शिजवून तो तिला भरवायचा. त्याची आई, अव्वा, दारातून कडाडली, "आंघोळ केल्याबिगर घरात पाय टाकायचा न्हाई! त्या हातानं लिंगाला शिवशील?" आंघोळ करणार कशानं? दुष्काळाचं वरीस, टँकरमागं घागरी घेऊन पळायचे दिवस. सकाळची एक बादली मिळाली तरी लई झालं. म्हणून बसू पूजा सकाळीच उरकायचा आणि दुपारचं ताट बाहेर ओट्यावर घ्यायचा. येणारे-जाणारे हसायचे. अव्वा त्याच्या हातचं पाणी घेईना. असा राग यायचा मला त्या म्हातारीचा! बसू मात्र म्हणायचा, "तिचं बी खरं हाय रे. पर मनीची नजर आनखी गेली न्हाई, बघ."

मनीची उरलेली नजर टिकली. बसू नाही टिकला.

मी पोचलो तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. तळहातावर लिंग ठेवायची वेळ आली, तसं चुलत्यांपैकी कुणीतरी विधी करणाऱ्या जंगमस्वामींना हळूच म्हणालं, "स्वामी, त्या हाताला अजून एक तांब्या घाला." कशासाठी, ते सगळ्यांनाच कळलं. अव्वा कोपऱ्यातून म्हणाली, "काई गरज न्हाई. माझ्या लेकराचा हात निर्मळ हाय." आणि मग जी रडायला लागली... कुणाला आवरेना.

परवा पुन्हा जाऊन आलो. भर दुपार होती. परसात बसूची बायको मनीसाठी शिजवत होती. अव्वा एकटीच ओट्यावर ताट घेऊन बसली होती. मी म्हटलं, "अव्वा, ऊन लागतंय, आत जेवा की."

"वरीसभर त्याला कुणी आत बोलावलं का?" ती म्हणाली, आणि भाकरी मोडायला लागली.