गोणीला पाठ नसते

आशा स्कूटरवरून उतरली की आधी काठी घेत नसे. डावा हात हँडलवर तसाच ठेवून उजवा तळहात ती कमरेवर दाबून धरी, डोळे मिटून क्षणभर उभी राही आणि मगच मागच्या जाळीतली काठी उचली. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या इमारतीच्या वॉचमनलाही हे पाठ झाले होते. तेवढा वेळ तो भल्या मनाने दुसरीकडे बघे. वर खिडकीत उभा असलेला तिचा नवरा महिपत मात्र नजर हलवीत नसे. तिने कमरेवर ठेवलेला हात काढला की त्याचा अडकलेला श्वास सुटे.

लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेला. बाजूला दोन आधाराची चाके लावलेली स्कूटर हाच लग्नापासून तिचा पाय होता. उत्तनच्या पलीकडे पाली गावात ती बायकांना शिवण शिकवी. पालीच्या गल्ल्या अशा अरुंद की रिक्षा नाक्यावरच सोडून देते. स्कूटर मात्र थेट वर्गाच्या ओट्याला लागे. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते : या गाडीचे हिसके थांबले नाहीत, तर गाडी थांबवावी लागेल.

"थांबवू की," आशा घरी आल्यावर म्हणाली. "घरात बसून फॉल-पिको करीन. त्यात काय मोठंसं!"

तिने ते इतक्या सहजपणे म्हटले की महिपतला त्या रात्री जेवण गेले नाही.

महिपत मूळचा गुहागरकडचा. भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो फिटर होता. दोष कुठे आहे, हे त्याला ठाऊक होते. स्कूटरच्या मागच्या मधल्या चाकाला स्प्रिंग होती; बाजूच्या दोन चाकांना ती नव्हती. ती लोखंडी चौकटीला घट्ट बांधलेली. त्यातले एक चाक खड्ड्यात गेले की खड्ड्याचा सगळा राग सरळ आशाच्या कण्यात उतरे. तेव्हा मधले चाक काढायचे, त्या जागी साखळीवर चालणारा आस टाकायचा, आणि मागची दोन्ही चाके स्प्रिंगवर तोलायची, असे त्याने ठरवले. आरटीओत जाऊन दिव्यांगांच्या गाडीत असा बदल करण्याची रीतसर विचारणा केली आणि मगच लोखंडाला हात घातला.

कामाला जागा दिली खारी गावच्या बाबुरावांनी. त्यांच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या. आता चोहोबाजूंनी इमारती उठल्या, तरी घरापुढचे अंगण त्यांनी कुणाला दिले नव्हते. मिठागर सुटले, पण घरात मिठाच्या दोन गोण्या असल्याच पाहिजेत, हा त्यांचा हट्टही सुटला नव्हता.

"जागा हाय, सावली हाय, मीठ हाय," ते म्हणाले. "गाडी तेवढी न्हाय. ती तू कर."

महिपतने मागच्या आसासाठी स्प्रिंगचे पोलादी पाटे निवडले ते एका मोडीत निघालेल्या टेम्पोचे. भंगारवाल्या भावेशने ते काढून देताना भुवया उंचावल्या.

"महिपतभाई, इसपे भाभी बैठेगी के सरिया?"

"तू दे रे. मजबूत पाहिजे."

"मजबूत तो तोप भी होती है," भावेश म्हणाला, आणि पाटे तागडीत टाकले.

महिपतने ते मनावर घेतले नाही. कोकणातल्या माणसाला रिकामी गाडी ही कल्पनाच सहन होत नाही. गाडी म्हटली की तिच्यावर काहीतरी येणारच : घरचे तांदूळ, नारळाची पिशवी, आंब्याची पेटी आणि शेवटी, सगळे बांधून झाल्यावर, कुणीतरी धावत आणून दिलेला एक फणस. "नको" म्हणण्याची रीत नाही. महिपतचे सगळे आयुष्य अशा शेवटच्या फणसासाठी जागा करण्यात गेले होते. त्याने वजन धरले ते या हिशेबाने, आणि वर एक पाटा जास्तीचा घातला.

चाचणीला बाबुरावांच्या दोन्ही गोण्या मागच्या बाजूला आवळून बांधल्या. खारीच्या आतल्या रस्त्यावर, गतिरोधकांवरून, गटाराच्या झाकणांवरून गाडी अशी गेली की गोणी जागची हलली नाही. महिपतचे डोळे भरून आले. तरी आशाला त्याने बोलावले नाही. रंग व्हायचाय, सीट यायचीय, असे तो सांगत राहिला. खरे म्हणजे गाडी निर्दोष झाल्याशिवाय आशाला तिच्यावर बसवायचे नाही, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

एका रविवारी आशाच काठी टेकत अंगणात हजर झाली.

"नवरी दाखवताय की लपवताय?" तिने विचारले.

"अगं, अजून रंग…"

"रंगावर मी बसणार नाही."

ती बसली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. गाडी थांबली. डावा हात हँडलवर राहिला. उजवा हात कमरेवर गेला. डोळे मिटले.

महिपतच्या हातातला पाना तसाच राहिला.

"जुन्या गाडीपेक्षा वाईट आहे," आशा डोळे न उघडता म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"असं कसं होईल? गोण्या तर हलल्या नाहीत!"

"किती गोण्या?"

"दोन."

"आणि मी किती गोण्या?"

महिपत हातातला पाना पुसू लागला.

"अहो, वजन धरलंत तरी कुणाचं?"

"तुझंच. म्हणजे… तुझं, आणि गावाहून येताना तांदूळ, नारळ… एखादा फणस…"

आशाने डोळे उघडले. ती आधी नुसती बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. हसताना कंबर दुखत होती म्हणून कळवळत होती आणि कळवळत हसत होती. बाबुरावांची बायको द्वारका चुलीपासून उठून बाहेर आली.

"काय झालं गं?"

"काकी, ह्यांनी गाडी फणसासाठी केलीय! मी फणसापेक्षा हलकी निघाले, हा माझा गुन्हा!"

"मंग दोन फणस मांडीवर घेऊन बस," द्वारका म्हणाली. "पालीच्या बायांना तेवढाच खाऊ."

महिपतही हसला, पण त्याचे हसणे ओठांवरच राहिले. आशाने ते पाहिले. तिने काठी घेतली, त्याच्याजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "गोणीला पाठ नसते हो. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"तुला त्रास नको म्हणून…"

"विचारण्याचा त्रास होत नाही. आता ऐका. खड्डा लागतो ना, तो तेवढा दुखत नाही. खड्डा संपल्यावर गाडी मला वर फेकते, ते दुखतं. पहिला मार नाही, दुसरा."

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हे त्याने कधी विचारले नव्हते. दुखते का, एवढेच विचारले होते. कसे दुखते, ते नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने पाटे कमी केले. या वेळी आशाच्या वजनाएवढी एकच गोण बांधली. खड्ड्यावर गाडी मऊ गेली खरी, पण गल्लीच्या वळणावर ती होडीसारखी कलली. गोण दोरीतून निसटली, गटाराच्या कठड्यावर आपटून फाटली आणि पांढरेशुभ्र मीठ रस्ताभर पसरले. बाबुराव पुढे आले. खाली बसून वरचे स्वच्छ मीठ ते ओंजळीने भरू लागले. महिपत फुटलेल्या गोणीकडे पाहत उभा राहिला. जिथे ती पडली होती, तिथे त्याला दुसरेच कुणी पडलेले दिसत होते.

"सोडून देतो, बाबुराव," तो म्हणाला. "कडक केली तर पाठ जाते, मऊ केली तर माणूस जातो."

"मिठाला काय, मीठ पुन्हा भरता येतं," बाबुराव म्हणाले. "गोण फुटली तं बरं झालं. तिनं आधीच सांगितलं. आता घरी जा, नि जिची गाडी हाय तिला सांग."

त्याला वाटले होते, आशा घाबरेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत म्हणून एक खाली गेलं की दुसरं वर येतं?"

"साधारण तसंच."

"मग त्यांना वेगळं नांदू द्या की. घर एक, चुली दोन."

महिपतने पाटे भावेशला परत केले. आता त्याने सलग आस तोडून मध्ये सांधे घातले आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र लोखंडी हात केला : पुढच्या टोकाला बिजागरी, मागच्या टोकाला चाक. प्रत्येक हातावर एक स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअप, जो दबलेल्या स्प्रिंगला एकदम उसळू देत नाही, सावकाश वर सोडतो. आशाचा 'दुसरा मार' अडवायचा तो इथेच. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही हातांना जोडणारी एक पिळाची सळई टाकली. दोन्ही चाके एकदम दबली तर ती गप्प राहते, एकच दबू लागले की दुसऱ्याला मदतीला ओढते. वेगळ्या चुली मांडलेल्या भावांनी अडीनडीला एकत्र यावे, तशी.

गोण पुन्हा बांधली, ती फक्त वळणे पाहण्यासाठी. गाडी सरळ राहिल्याची खात्री झाल्यावर त्याने ती उतरवली आणि प्रत्येक फेरीला आशा बसली.

"डावीकडून अजून टोचतंय."

तो नट फिरवी.

"आता फारच लाडावलंय. झोके देतंय."

तो अर्धा पीळ परत आवळी. द्वारका ओट्यावर बसून बोंबील साफ करी आणि प्रत्येक फेरीनंतर विचारी, "लागली का गं मनासारखी?" आशा हात हलवून 'थोडी' म्हणे. मग एका फेरीनंतर तिने हातही हलवला नाही. ती सरळ पुढच्या फेरीला निघून गेली. महिपत पाना हातात घेऊन वाट पाहत राहिला. ती फिरून आली, त्याच्यासमोरून गेली आणि थांबलीच नाही.

"उतरायचं विसरली ती," बाबुराव म्हणाले.

आरटीओच्या तपासणीत अधिकाऱ्याने गाडीखाली वाकून बराच वेळ पाहिले, ब्रेक तपासले, वळणे घ्यायला लावली आणि सही केली. गाडीच्या कामापायी बंद राहिलेला शिवणाचा वर्ग गणपती उठल्यावर पुन्हा सुरू झाला.

पहिल्या दिवशी महिपतने रजा घेतली होती. बरोबर येतो म्हटल्यावर आशाने त्याला एका शब्दात घरी बसवले. उड्डाणपूल, मुर्धा आणि राई गावांमधला रस्ता, उत्तनकडची वळणे, पालीची गल्ली. त्याने खिडकीत उभे राहून तो सगळा रस्ता मनातल्या मनात दहादा खणला आणि बुजवला.

संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली. वॉचमनने सवयीने मान दुसरीकडे वळवली. आशाने गाडी बंद केली. डावा हात हँडलवर होता. महिपतने श्वास रोखला.

उजवा हात मागे गेला. तिने काठी उचलली, मग जाळीतून एक भली जड पिशवी ओढून काढली आणि वर पाहिले.

"काय बघताय? खाली या!" ती ओरडली. "पालीच्या बायांनी सुरमई दिलीय, वर नारळ. नको म्हटलं तर ऐकतात का? एवढं वजन धरलं होतंत ना?"

"धरलं होतं!" महिपत ओरडला, आणि पायात चपला न घालताच जिन्याकडे धावला.