हव्वाबीचा फाटलेला चहा

हव्वाबी कुणाला घाबरते, हे तिच्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही. माहेर रत्नागिरीजवळचं. नवरा याकूब बार्जवर कामाला, त्याच्या मागोमाग दुबईला आली आणि बार्जवरच्या कोकणी गड्यांसाठी खाणावळ घालून बसली. मोठी जहाजं तेव्हा बाहेर समुद्रातच थांबत. माल बार्जवर उतरवून खाडीत आणायचा, तोही भर उन्हात. त्या गड्यांना बार्जची विलायती कंपनी विहिरीचं मचूळ पाणी पाजायची आणि साहेबांच्या बंगल्यात गोडं पाणी जायचं. गड्यांना मुतखडे व्हायचे. याकूब तक्रार घेऊन गेला आणि हात हलवत परत आला.

१९६७ साली विलायतेच्या पार्लमेंटातली हॅलमबाई पाहणीला येणार, म्हणून कंपनीत धावपळ उडाली. याकूबचा पुतण्या अहमद तिथेच कारकून. बाईची सगळी कुंडली त्याच्याकडे होती. पोरवयात कापडगिरणीत मागावर उभी राहिली, संपात तुरुंगात गेली. निवडून आल्यावर आपल्याच मजूर पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षानं काढलं, तर एकटी उभी राहून पुन्हा निवडून आली.

"म्हणजे आपल्यातलीच की," हव्वाबी म्हणाली.

"चाची, प्लीज. मॅनेजरसाहेब तिला तुमची खाणावळ दाखवणार आहेत. गोड्या पाण्याचं पिंप पाठवलंय, चाय उसीकी बनाना. गडबड झाली तर चाचाची नोकरी खलास."

कोकणी घरात पाहुण्याला द्यायला काही नसेल तर शेजारून मागून आणतील, पण हलकं काही पुढ्यात ठेवणार नाहीत. हव्वाबीनं पिंपाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. रोजच्या मचूळ पाण्याचा चहा टाकला. दूध पडताच फाटलं. ते नेहमीच फाटायचं, म्हणून गडी चहा कोराच प्यायचे.

याकूबचा चेहरा उतरला. "मेहमानाला हा देणार? अब्रू जाईल."

"जाऊ दे. आपली नाही, त्यांची जाईल."

हॅलमबाईनं घोट घेतला आणि कपात निरखून पाहिलं. मॅनेजर घाईनं म्हणाला, या बाईला चहा करता येत नाही. अहमदकडून ते कळताच हव्वाबीचं डोकं तडकलं.

"अहमद, नीट सांग तिला. माझ्या चहाला कोकणात कुणी नाव ठेवलेलं नाही. पाणी कंपनीचं आहे. गडी रोज हेच पितात."

अहमद घुटमळला. नोकरी त्यालाही होती. पण शेवटी त्यानं शब्दन् शब्द सांगितला.

बाईनं कप तळापर्यंत रिकामा केला. मग दुसरा मागून घेतला आणि मॅनेजरच्या हातात दिला. ती समोरून हलेना, म्हणून त्याला तो प्यावाच लागला. हव्वाबीला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

बाईनं परत जाऊन पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि मंत्र्यांची बोलणी खाल्ली. याकूबची नोकरी गेली. तो खाणावळीत कांदे चिरायला बसला आणि हव्वाबीला रोज विचारायचा, काय मिळवलंस? ती आणखी कांदे त्याच्यापुढे सरकवायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर बार्जवर गोड्या पाण्याची पिंपं आली. ते प्यायला याकूब आता बार्जवर नव्हता. पण संध्याकाळी जेवायला येताना गडी त्यातलं पाणी बाटल्यांतून घेऊन यायचे. याकूबच्या चहातलं दूध त्यानंतर कधी फाटलं नाही.